रॉबर्ट पिरेस : ऐन मोक्याला मैदानाबाहेर राहिलेला फ्रेंच विंगर

१७ मे २००६. चॅम्पियन्स लीगची फायनल, आर्सनल विरुद्ध बार्सिलोना. मॅच पॅरिसला लागून असलेल्या स्ताद द फ्रान्सवर होती. अठराव्या मिनिटाला आर्सनलचा गोलकीपर येन्स लेहमान यानं सॅम्युएल एटोला पाडलं आणि त्याला रेड कार्ड मिळालं. आता दुसरा गोलकीपर उतरवायचा, तर दहातला एक जण बाहेर काढणं भाग होतं. कोच आर्सेन वेंगर यांनी निवडलेला नंबर बोर्डवर झळकला, ७.

सात नंबर म्हणजे रॉबर्ट पिरेस. फ्रान्सचा वर्ल्डकप विजेता, आपल्याच देशात, क्लब कारकिर्दीतली सगळ्यात मोठी मॅच खेळत होता. ती त्याच्यासाठी तिथेच संपली. आर्सनल १-२ नं हरलं आणि त्या क्लबचा शर्ट त्यानं मॅचमध्ये पुन्हा कधी घातला नाही.

पिरेसची आकडेवारी चांगलीच भरभक्कम आहे. आर्सनलसाठी २८४ मॅच आणि ८४ गोल, फ्रान्ससाठी ७९ मॅच आणि १४ गोल. नावावर वर्ल्डकप, युरो आणि प्रीमियर लीगही आहे. तरी झिदान आणि हेन्री यांच्या पिढीतलं हे नाव अनेकांना चटकन आठवत नाही. असं का, ते त्याची कारकीर्द क्रमानं पाहिली की कळतं. मोठ्या क्षणी हा माणूस एकतर बेंचवर होता, नाहीतर जखमी, नाहीतर टीव्हीसमोर.

रान्स ते मार्सेय

पिरेसचा जन्म २९ ऑक्टोबर १९७३ चा, फ्रान्समधल्या रान्स शहरातला. वडील पोर्तुगीज, आई स्पॅनिश. आडनाव अर्थातच पोर्तुगीज, त्यामुळे गोव्यातल्या वाचकांना ते शेजारच्या घरातलं वाटेल. गोव्याचा विषय पुढे येणारच आहे.

तो नावारूपाला आला मेत्झ या क्लबमधून. मेत्झ काही श्रीमंत क्लब नव्हता. तरी १९९६ मध्ये त्यांनी फ्रेंच लीग कप जिंकला आणि १९९७-९८ मध्ये तर लीगच जिंकत आणली होती. शेवटी लाँस आणि मेत्झ दोघांचे ६८ पॉइंट झाले आणि गोलफरकावर विजेतेपद लाँसला गेलं.

मग मार्सेय. पहिल्या वर्षी संघ लीगमध्ये दुसरा आला, एका पॉइंटनं मागे. युएफा कपच्या फायनलपर्यंतही पोहोचला आणि तिथे पार्माकडून ०-३ हरला. दुसऱ्या वर्षी, पिरेस कॅप्टन असताना, हाच संघ खालच्या डिव्हिजनमध्ये जाता जाता गोलफरकावर वाचला. मार्सेयचा प्रेक्षक प्रेम करतो तसा रागही करतो. २००० च्या उन्हाळ्यात पिरेसनं तिथून मुक्काम हलवला.

दोन गोल्डन गोल, दोन्हींत पिरेस

फ्रान्सच्या संघात तो १९९८ च्या वर्ल्डकपला होता, पण पहिल्या अकरात त्याची जागा पक्की नव्हती. बाद फेरीत पॅराग्वेविरुद्ध नव्वद मिनिटं ०-० अशीच गेली. तेव्हा गोल्डन गोलचा नियम होता, म्हणजे जादा वेळेत जो आधी गोल करेल तो तिथल्या तिथे जिंकला. बदली म्हणून आलेल्या पिरेसनं बॉल आत टाकला, डेव्हिड त्रेझेगेनं डोक्यानं खाली उतरवला आणि लोराँ ब्लाँनं गोल केला. वर्ल्डकपच्या इतिहासातला तो पहिला गोल्डन गोल. ब्राझीलविरुद्धची फायनल मात्र पिरेसनं पूर्ण वेळ बेंचवर बसून पाहिली.

दोन वर्षांनी युरो २००० च्या फायनलला रॉटरडॅममध्ये इटली १-० नं पुढे. पिरेस ८६ व्या मिनिटाला उतरला. इंज्युरी टाइममध्ये सिल्वाँ विल्तोरनं बरोबरी केली. जादा वेळेत, १०३ व्या मिनिटाला, पिरेस डाव्या बाजूनं बचावपटूंना मागे टाकत आत घुसला आणि बॉल मागे ओढून दिला. त्रेझेगेनं डाव्या पायानं तो जाळ्याच्या छपरात मारला. फ्रान्स चॅम्पियन.

फोटो त्रेझेगेचे छापून आले. यात तक्रार करण्यासारखं काही नाही, गोल करणाऱ्याचंच नाव राहतं. पण दोन स्पर्धांत, बदली म्हणून येऊन, दोन गोल्डन गोलच्या चाली ज्याच्या पायातून सुरू झाल्या असा खेळाडू सापडणं कठीण आहे.

आर्सनल आणि डावी बाजू

२००० मध्ये आर्सनलनं मार्क ओव्हरमार्स बार्सिलोनाला विकला आणि त्याच्या जागी सुमारे ६० लाख पौंडांत पिरेसला घेतलं. लीगच्या पहिल्याच मॅचला, संडरलंडमध्ये, वेंगर यांनी त्याला बेंचवर बसवलं. इंग्लंडमधलं फुटबॉल म्हणजे काय ते बघ, हा त्यामागचा हेतू. पिरेसनं नंतर मुलाखतींत हा किस्सा अनेकदा सांगितलाय. समोर चाललेली धक्काबुक्की पाहून आपण कुठे आलो, असं त्याला वाटलं होतं. पहिलं वर्ष त्याला जडच गेलं.

पुढे तो इतका का खुलला, हे समजायला थोडं तंत्र पाहू. ओव्हरमार्स होता तुफान वेगाचा. पिरेसकडे तसा वेग नव्हता आणि तो उजव्या पायाचा असून डाव्या बाजूला खेळायचा. आज असे विंगर सगळीकडे दिसतात, पण तेव्हा इंग्लंडमध्ये विंगर म्हणजे साइडलाइनला चिकटून पळणारा आणि क्रॉस टाकणारा. पिरेस लाइन सोडून आत यायचा. त्यानं मोकळ्या केलेल्या जागेतून लेफ्ट-बॅक अॅश्ली कोल पुढे धावायचा. थिएरी हेन्री स्ट्रायकर असूनही डावीकडे सरकायचा. मग समोरच्या राइट-बॅकनं तिघांपैकी कुणाला धरायचं? बहुतेक वेळा तो जागेवरच थांबायचा, आणि तोवर बॉल पेटीत गेलेला असायचा.

त्याची धाव बघायला विचित्र होती. पाय बाहेरच्या बाजूला फेकत, जरा फेंगडा, घाई नसल्यासारखा. पण बॉल जिथे पडणार तिथे तो आधीच पोहोचलेला असे.

२००२ : शिखर आणि गुडघा

२००१-०२ हा त्याचा सर्वोत्तम सीझन. १७ मार्चला अॅस्टन व्हिलाविरुद्ध त्यानं पहिल्या स्पर्शानं बॉल जॉर्ज बोटेंगच्या डोक्यावरून घेतला आणि दुसऱ्या स्पर्शानं पीटर श्मायकेलच्या डोक्यावरून जाळ्यात टाकला. प्रीमियर लीगच्या उत्तम गोलच्या याद्यांत हा गोल आजही असतो. मोबाइलवर शोधून बघाच.

त्यानंतर बरोबर सहा दिवसांनी, २३ मार्चला, एफए कपमध्ये न्यूकॅसलविरुद्ध त्यानं सुरुवातीलाच गोल केला. मग एका टॅकलवरून उडी मारताना तो चुकीचा उतरला. गुडघ्याचं क्रूशिएट लिगामेंट गेलं. ही दुखापत म्हणजे ऑपरेशन आणि महिनोन्‌महिने बाहेर.

आर्सनलनं त्या वर्षी लीग आणि एफए कप दोन्ही जिंकलं. लीगमध्ये सर्वाधिक असिस्ट पिरेसचे होते, आणि फुटबॉल पत्रकारांच्या संघटनेनं वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यालाच निवडलं. हायबरीवर ट्रॉफी स्वीकारायची त्याची पाळी आली तेव्हा सगळ्या सहकाऱ्यांनी त्याच्यापुढे वाकून दोन्ही हात खालीवर करत मुजरा केला. बरेच महिने खेळू न शकणारा माणूस मधोमध ट्रॉफी घेऊन उभा आणि भोवती मुजरा करणारी टीम, असं ते दृश्य होतं.

त्या उन्हाळ्यात फ्रान्स गतविजेता म्हणून वर्ल्डकपला गेलं. आदल्या वर्षी कॉन्फेडरेशन्स कपमध्ये गोल्डन बॉल पटकावलेला पिरेस संघात नव्हता, आणि मांडी दुखावल्यामुळे झिदानही पहिल्या दोन मॅचना बाहेर. सेनेगलकडून ०-१, उरुग्वेशी ०-०, डेन्मार्ककडून ०-२. एकही गोल न करता चॅम्पियन घरी परतले. पिरेस असता तर चित्र बदललं असतं असं छातीठोक म्हणता येत नाही. पण पुढे बॉल पोहोचवणारे दोघंही नाहीत आणि गोलच्या रकान्यात शून्य, हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

अजिंक्य संघ, एक पेनल्टी आणि वृश्चिक रास

परतल्यावर त्यानं वेळ दवडला नाही. २००३ च्या एफए कप फायनलमध्ये साउदम्प्टनविरुद्धचा एकमेव गोल त्याचा. त्यानंतरच्या सीझनमध्ये आर्सनल लीगच्या ३८ पैकी एकही मॅच हरलं नाही, २६ विजय आणि १२ बरोबरी. त्यात पिरेसचे १४ गोल होते. विंगरसाठी हा आकडा मोठा आहे. लीग पक्की झाली तीसुद्धा कट्टर शेजारी टॉटनहॅमच्या मैदानावर, २-२ च्या बरोबरीत, आणि त्यातला एक गोल पिरेसचा.

त्याच सीझनमधली एक गोष्ट आर्सनलचे चाहते सांगत नाहीत, म्हणून इथे सांगतो. पोर्ट्समथविरुद्ध आर्सनल ०-१ नं मागे असताना पिरेस पेटीत पडला आणि पेनल्टी मिळाली. रिप्लेमध्ये त्याला धक्का लागल्यापेक्षा त्यानं स्वतःच पाय अडकवल्याचं दिसत होतं. हेन्रीनं गोल केला, मॅच १-१ सुटली. "अजिंक्य" या बिरुदावर विरोधी चाहते आजही याच मॅचवरून बोट ठेवतात आणि त्यांचा मुद्दा अगदीच फालतू नाही.

दुसरी पेनल्टी निव्वळ विनोदी. ऑक्टोबर २००५, समोर मँचेस्टर सिटी. पिरेस आणि हेन्री यांनी ठरवलं की थेट न मारता पिरेस बॉल हलकेच पुढे ढकलेल आणि मागून येऊन हेन्री मारेल. १९८२ मध्ये अयाक्सच्या योहान क्रायफनं असं करून दाखवलं होतं. हे नियमात बसतं, फक्त बॉल पुढे जायला हवा आणि मारणाऱ्यानं दुसऱ्या कुणाच्या आधी त्याला पुन्हा शिवता कामा नये. पिरेसचा पाय बॉलवरून घसरला. बॉल जेमतेम हलला, पिरेस गोंधळला, हेन्री थबकला आणि रेफरीनं सिटीला फ्रीकिक दिली. गोलमध्ये उभा असलेला डेव्हिड जेम्स नुसता पाहत होता. त्या मॅचमधला एकमेव गोल पिरेसनंच आधी पेनल्टीवर केलेला, म्हणून हा प्रकार हसण्यावारी गेला.

फ्रान्सच्या संघातलं त्याचं प्रकरण मात्र कडू झालं. २००४ मध्ये रेमंड डोमेनेक कोच झाले आणि काही महिन्यांतच दोघांचं बिनसलं. त्या ऑक्टोबरनंतर पिरेस फ्रान्सकडून खेळला नाही. डोमेनेक यांना ज्योतिषात रस होता आणि वृश्चिक राशीचे खेळाडू त्यांना नको असतात, अशी चर्चा तेव्हा वर्तमानपत्रांत रंगली. पिरेस वृश्चिकेचाच. (तिकडे रास सूर्यावरून धरतात, आपल्यासारखी चंद्रावरून नाही.) खरं कारण ग्रहांपेक्षा मतभेद असण्याचीच शक्यता जास्त. २००६ च्या वर्ल्डकपला फ्रान्स फायनलपर्यंत गेलं, पिरेसशिवाय.

त्याच वर्षी मे महिन्यात हायबरी मैदान कायमचं बंद झालं. तिथल्या शेवटच्या मॅचला आर्सनलचा पहिला गोल पिरेसचा होता. दहा दिवसांनी ती अठरा मिनिटांची फायनल आली. तिशी ओलांडलेल्या खेळाडूंना आर्सनल एकेका वर्षाचाच करार द्यायचं. पिरेसनं दोन वर्षं देणारा स्पेनचा व्हियारिआल निवडला. दहा जणांनी खेळायचं तर बचावात कमी पडणारा खेळाडू बाहेर काढणं, हा वेंगर यांचा हिशेब बरोबरच होता. पण तो निर्णय मनाला लागल्याचं पिरेसनं नंतर लपवलं नाही.

व्हियारिआलमध्ये सुरुवातीलाच पुन्हा गुडघा गेला आणि सात-आठ महिने वाया गेले. तरी २००७-०८ मध्ये हा छोट्या गावचा क्लब स्पॅनिश लीगमध्ये दुसरा आला, बार्सिलोनाच्याही पुढे, आणि पिरेस त्या संघाचा महत्त्वाचा भाग होता. २०१० मध्ये तो अॅस्टन व्हिलात आला, पण तिथे त्याला फारसं खेळायला मिळालं नाही.

गोवा

भारतात तो २०१२ मध्येच येणार होता. बंगालमध्ये एक नवी लीग सुरू व्हायची होती. तिच्या लिलावात हावडा संघानं त्याला ८ लाख डॉलरला घेतलं. ती लीग सुरूच झाली नाही.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि एफसी गोवानं त्याला मार्की खेळाडू म्हणून करारबद्ध केलं. कोच होता ब्राझीलचा झिको. त्या पहिल्या सीझनची यादी पिरेसच्या जुन्या अल्बमसारखी आहे. ज्याला युरोचा पास दिला तो त्रेझेगे पुण्याकडून, बालेवाडीला. आर्सनलमध्ये उजवी बाजू सांभाळणारा फ्रेडी युंगबर्ग मुंबईकडून. आणि त्या फसलेल्या पेनल्टीचा गोलकीपर डेव्हिड जेम्स केरळकडून.

पिरेस तेव्हा ४१ वर्षांचा झाला. आठ मॅच, एक गोल. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर कोलकात्याविरुद्धच्या मॅचमध्ये हाफटाइमला त्याची कोलकात्याचे कोच आंतोनियो हबास यांच्याशी वादावादी झाली आणि त्याला दोन मॅचची बंदी आली. गोवा लीगमध्ये दुसरं आलं, पण सेमीफायनलला कोलकात्याकडूनच पेनल्टी शूटआउटमध्ये हरलं. त्या संघात विंगला खेळणारे गोव्याचे दोन पोरगे होते, रोमिओ फर्नांडिस आणि मंदार राव देसाई. रोमिओ पुढच्या वर्षी ब्राझीलच्या अॅटलेटिको पॅरानेन्स क्लबकडे गेला आणि मंदार पुढे एफसी गोवाचा कॅप्टन झाला.

पिरेसनं अधिकृत निवृत्ती जाहीर केली ती २०१६ मध्ये. तरी त्यानंतरही, २०१८ मध्ये वेंगर क्लब सोडेपर्यंत, तो अधूनमधून लंडन कोल्नीच्या सराव मैदानावर आर्सनलच्या पोरांबरोबर खेळताना दिसायचा.