हिमपर्वतावरील अनामिक वाटाडे

बौद्ध धम्माच्या इतिहासात चिनी यात्रेकरूंचे स्थान अनन्यसाधारण आहे. ज्या भूमीत धम्माचा उगम झाला, त्या भूमीतून तो जवळजवळ लोप पावल्यावर येथील विहारांचा, स्तूपांचा आणि विद्यापीठांचा ठावठिकाणा जगाला पुन्हा लागला, त्यात फाहियान आणि ह्युएनत्संग यांच्या लेखनाचा वाटा फार मोठा आहे. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅम यांनी प्राचीन बौद्ध स्थळांचा शोध घेतला, तो या भिक्खूंची प्रवासवर्णने हाताशी ठेवूनच. या यात्रेकरूंच्या धैर्याचे गुणगान आपण नेहमी करतो आणि ते यथार्थच आहे. परंतु हे भिक्खू एकटे चालत नव्हते. मनुष्यवस्ती संपून हिमाचे राज्य सुरू होते अशा प्रत्येक ठिकाणी कोणीतरी त्यांच्या पुढे चालत होते. ते पुढे चालणारे कोण होते, हा प्रश्न इतिहासाने फारसा विचारलेला नाही. प्रस्तुत लेखात ह्युएनत्संगाच्या पर्वतप्रवासाच्या आधारे तो विचारण्याचा प्रयत्न केला आहे.

या प्रवासाची माहिती देणारे दोन प्रमुख ग्रंथ उपलब्ध आहेत. पहिला म्हणजे इ. स. ६४६ मध्ये सिद्ध झालेला ह्युएनत्संगाचा स्वतःचा 'पश्चिमेकडील प्रदेशांचा वृत्तांत', आणि दुसरा म्हणजे त्याचा शिष्य ह्वेई-ली याने लिहिलेले व पुढे येन-त्सुंग याने ६८८ मध्ये पूर्ण केलेले त्याचे चरित्र. वृत्तांतात देशांची वर्णने अधिक आहेत, तर चरित्रात वाटेवरची माणसे अधिक दिसतात.

नाव उरलेला वाटाड्या

इ. स. ६२९ च्या सुमारास (काही अभ्यासकांच्या मते ६२७ मध्ये) ह्युएनत्संग चांग-आन नगरातून निघाला. त्या काळी राज्याची सीमा ओलांडण्यास प्रजेला मनाई होती. त्यामुळे त्याचे प्रयाण हे राजाज्ञेचे उल्लंघनच होते. सीमेजवळच्या क्वा-चौ येथे त्याला शी पान-तो नावाचा एक परदेशी वंशाचा मनुष्य भेटला. त्याने ह्युएनत्संगाकडून पंचशील ग्रहण केले आणि पाच पहारा-बुरुजांपलीकडे त्याला पोहोचविण्याचे मान्य केले. त्याने आपल्याबरोबर एक वृद्ध मनुष्य आणला. त्या वृद्धाजवळ एक रोडका तांबडा घोडा होता व तो पश्चिमेकडील ई-वू या ठिकाणी पंधरा वेळा जाऊन आला होता. वाट माहीत असलेला तो घोडा ह्युएनत्संगाने आपल्या घोड्याच्या बदल्यात घेतला.

पान-तोने नदीकाठची झाडे तोडून पूल रचला आणि रात्रीतून नदी पार करून दिली. परंतु त्याच रात्री तो तलवार उपसून झोपलेल्या गुरूच्या दिशेने आला आणि काही पावलांवरून परत फिरला. सकाळ झाल्यावर त्याने आपली भीती बोलून दाखविली. पुढे पाणी फक्त बुरुजांखालीच होते, आणि पकडले गेल्यास मृत्यू अटळ होता. घरी मोठे कुटुंब होते. ह्युएनत्संगाने आपण पकडलो गेलो तरी त्याचे नाव सांगणार नाही असे वचन दिले, त्याला एक घोडा दिला आणि निरोप दिला. पुढे वाळवंटात पाण्याची पखाल सांडली. चार रात्री व पाच दिवस पाण्याविना काढल्यावर त्याला पाण्यापाशी नेले ते त्या रोडक्या घोड्याने.

पान-तोला दोष देणे सोपे आहे. परंतु राजदंडाच्या भीतीने कापणाऱ्या संसारी माणसाचे ते वागणे होते, आणि ह्युएनत्संगाने त्याचा राग धरला नाही. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट एवढीच की, जो वाटाड्या अर्ध्यातून परतला त्याचे नाव ग्रंथात राहिले. ज्यांनी वाट शेवटपर्यंत दाखविली, त्यांच्यातील कोणाचेही नाव पुढच्या पर्वतांवर आपल्याला मिळत नाही.

बर्फावरील सात दिवस

काओ-चांगच्या (आजचे तुर्फान) राजाने या भिक्खूचा मोठा सन्मान केला. त्याने बरोबर चार श्रामणेर, पंचवीस माणसे, तीस घोडे आणि वाटेतील राज्यांच्या नावे चोवीस पत्रे दिली. कुचा येथे बर्फ वितळून वाट मोकळी होण्याची साठांहून अधिक दिवस वाट पाहावी लागली. त्यानंतर हा तांडा त्यान-शान पर्वतरांगेतील हिमपर्वतावर चढला. ही खिंड म्हणजे ४,२०० मीटरहून अधिक उंचीची बेदेल खिंड असावी, असे बहुतेक संशोधक मानतात.

चरित्रकार सांगतो की, तेथे बसायला कोरडी जागा नव्हती. भांडे टांगून अन्न शिजवावे लागे आणि बर्फावरच चटई अंथरून झोपावे लागे. अंगावर कातड्याची दुहेरी वस्त्रे असूनही थंडी हाडांपर्यंत पोहोचत असे. सात दिवसांनी तांडा पर्वताबाहेर आला, तेव्हा दहांपैकी तीन-चार माणसे गारठून मेली होती. बैल आणि घोडे त्याहून अधिक मेले. ह्या मृतांची नावे कोठेही नाहीत. भिक्खू सुखरूप उतरला हे आपण वाचतो, आणि पान उलटतो.

वृत्तांतात याच वाटेसंबंधी एक नियम नोंदविलेला आहे. येथून जाणाऱ्याने तांबड्या रंगाची वस्त्रे घालू नयेत, भोपळ्याचे पात्र बाळगू नये व मोठ्याने ओरडू नये, अन्यथा दुष्ट नाग कोपून वादळ व दगडांचा वर्षाव करतो. नुसत्या आवाजाने हिमकडे कोसळत नाहीत, असे आजचे शास्त्र सांगते, आणि नागाच्या कोपावर आपला विश्वास असण्याचे कारण नाही. परंतु ज्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या वाटेवर आपले आप्त गमावले, त्यांनी प्रवाशांना सावध राहण्याची शिस्त आपल्या भाषेत घालून दिली होती, एवढे त्यातून निश्चित दिसते.

शिकाऱ्यांनी दाखविलेली वाट

बाल्हीक देश ओलांडून ह्युएनत्संग बामियानला आला. तेथील प्रचंड बुद्धमूर्तींचे त्याने केलेले वर्णन सर्वपरिचित आहे. २००१ मध्ये त्या मूर्ती उद्‌ध्वस्त करण्यात आल्यानंतर त्या वर्णनाचे मोल अधिकच वाढले आहे. बामियान सोडल्यावर दोन दिवसांनी मात्र हिमवर्षाव सुरू झाला आणि प्रवासी वाट चुकले. भटकत ते एका लहानशा वाळूच्या टेकडीपाशी आले. तेथे त्यांना काही शिकारी भेटले. त्या शिकाऱ्यांनी वाट दाखविली, आणि कृष्णपर्वत ओलांडून सर्वजण कपिशा राज्यात पोहोचले.

चरित्रात या प्रसंगाला एका वाक्याहून अधिक जागा नाही. परंतु त्याचा अर्थ फार मोठा आहे. पंचशील घेतलेला उपासक वाटेतून परतला होता, आणि प्राणिहत्येवर उपजीविका करणाऱ्या, शील न घेतलेल्या माणसांनी भिक्खूंचे प्राण वाचविले. शिकाऱ्याचा व्यवसाय सम्यक् आजीविका ठरत नाही, ही गोष्ट खरी. पण बर्फात हरवलेल्या अनोळखी माणसाला वाट दाखविणे ही करुणाच आहे, आणि ती करणाऱ्याची जात, व्यवसाय किंवा दीक्षा विचारून ती लहानमोठी होत नाही.

परतीचा पर्वत

खरी कसोटी परतीच्या प्रवासात लागली. आता बरोबर मूर्ती होत्या, ग्रंथ होते आणि सम्राट हर्षाने भेट दिलेला हत्ती होता. सिंधू नदी ओलांडताना नाव हेलकावल्याने पन्नास ग्रंथांच्या पोथ्या वाहून गेल्या. त्यांपैकी काश्यपीय निकायाचे त्रिपिटक पुन्हा नकलून आणण्यासाठी उद्यान देशाकडे माणसे पाठवावी लागली आणि पन्नासहून अधिक दिवस थांबावे लागले.

इ. स. ६४४ च्या सुमारास कपिशाच्या राजाने एका मंत्र्याला शंभरांहून अधिक माणसे देऊन, चारा व शिधा पाठीवर वाहून नेण्यासाठी बरोबर पाठविले. सात दिवसांनी प्रवासी एका महापर्वताच्या माथ्यावर आले. घोड्यावर बसणे अशक्य झाले, तेव्हा वृद्धत्वाकडे झुकू लागलेला तो महापंडित काठी टेकीत चालू लागला. आणखी सात दिवसांनी एक उंच कडा लागला. त्याच्या पायथ्याशी सुमारे शंभर घरांचे खेडे होते. तेथील मेंढ्या गाढवाएवढ्या मोठ्या होत्या, असे चरित्रकार नमूद करतो.

त्या खेड्यात मुक्काम करून मध्यरात्री सर्वजण निघाले. पुढे पहाडी उंटावर बसलेला एक गावकरी होता. या भागात बर्फाने झाकलेल्या भेगा आणि हिमप्रवाह जागोजागी होते. स्थानिक माणसाच्या मागोमाग पाऊल टाकले नाही, तर प्रवासी आत पडून नाहीसा होई. रात्रीच्या कडाक्यात बर्फ घट्ट असतो आणि उन्हात तो दगा देतो, ही गोष्ट आजचे गिर्यारोहकही जाणतात व म्हणूनच पहाटेपूर्वी निघतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो धोका पार झाला. तेव्हा तांड्यात सात भिक्खू, वीसहून थोडी अधिक मोलाची माणसे, एक हत्ती, दहा खेचरे आणि चार घोडे होते.

पुढचे शिखर सर्वांत उंच होते. दुरून ते बर्फाने पांढरे वाटले, पण जवळ गेल्यावर तो पांढरा दगड निघाला. माथ्यावर वारा इतका प्रखर होता की, कोणालाही ताठ उभे राहता येईना. तेथे गवताची काडी नव्हती. पक्षीदेखील उडत तो माथा ओलांडू शकत नसत. ही खिंड म्हणजे हिंदुकुशमधील खावक खिंड, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तिची उंची साडेतीन हजार मीटरहून अधिक आहे. एवढ्या उंचीवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे दोन तृतीयांशच असतो. या दिशेच्या मार्गावरील पर्वतांना 'हान-शू' या प्राचीन चिनी इतिहासग्रंथात 'मोठा डोकेदुखीचा पर्वत' आणि 'छोटा डोकेदुखीचा पर्वत' अशी नावे आढळतात, ती उगीच नव्हेत. पाच-सहा दिवस उतरून प्रवासी अंदराबला पोहोचले. पुढे पामीर ओलांडल्यावर चोरांच्या धुमाळीत हर्षाचा हत्ती पाण्यात बुडून मेला. ग्रंथ मात्र वाचले.

त्या पाठींवर काय होते?

इ. स. ६४५ मध्ये ह्युएनत्संग चांग-आनला पोहोचला, तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते. त्यांपैकी अनेकांची मूळ संस्कृत प्रत भारतात पुढे नष्ट झाली, आणि आज ते चिनी भाषांतरातूनच ज्ञात आहेत. शिवाय त्याची स्मृती आणि त्याची निरीक्षणे त्याच वाटेने गेली. त्यांतच महाराष्ट्राचे वर्णन आहे. पुलकेशीच्या या राज्यात शंभरांहून अधिक विहार व सुमारे पाच हजार भिक्खू होते, हे आपण त्याच्याच साक्षीने सांगतो.

त्या निरीक्षणांत आणखी एक नोंद होती. भारतातील खाटीक, कोळी, नट, फाशी देणारे आणि मैला साफ करणारे यांच्या घरांवर खूण केलेली असे. त्यांना नगराबाहेर राहावे लागे, आणि वाटेने जाताना डाव्या कडेने अंग चोरून चालावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अस्पृश्य मूळचे कोण' या विषयावरील इंग्रजी ग्रंथात अस्पृश्यतेचा काळ ठरविताना फाहियान आणि ह्युएनत्संग या दोघांची साक्ष तपासली आहे. हे एका परकीय भिक्खूने पाहिले व लिहून ठेवले. आपल्या पूर्वजांना रस्त्याच्या कडेला ढकलले जात होते, याचा हा पुरावा हिंदुकुशच्या बर्फातून सुखरूप गेला, तो उंटावरच्या एका खेडुताने भेगा चुकवून वाट दाखविली म्हणून. तो त्या रात्री आला नसता, तर कदाचित हा वृत्तांत लिहिलाच गेला नसता.

ज्यांना वाटेवरून बाजूला सारण्यात आले, त्यांचा पुरावा ज्यांनी वाट दाखविली त्या माणसांमुळे टिकला, आणि दोघेही इतिहासात निनावी राहिले.

मार्गदाता

तथागतांनी स्वतःला मोक्षदाता म्हणवून घेतले नाही, मार्गदाता म्हटले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हा भेद विशेष आग्रहाने मांडला आहे. गणक मोग्गल्लान याच्याशी झालेल्या संवादात तथागतांनी दृष्टान्त दिला आहे तो राजगृहाची वाट विचारणाऱ्या प्रवाशाचा. वाट नीट सांगितली तरी एक जण चुकीच्या दिशेने जातो, दुसरा सुखरूप पोहोचतो. वाट सांगणाऱ्याने आपले काम केलेले असते, पण चालायचे ज्याचे त्यानेच.

हा दृष्टान्त आपण नेहमी चालणाऱ्याच्या बाजूने वाचतो. हिमपर्वताची ही हकीकत त्याची दुसरी बाजू पुढे ठेवते. वाट सांगण्यासाठी आधी कोणीतरी ती चाललेली असावी लागते. तिच्यातल्या भेगा त्याला माहीत असाव्या लागतात, आणि अनोळखी माणसासाठी मध्यरात्री उठण्याची तयारी असावी लागते. ते ज्ञान पोथीतून आलेले नव्हते. ते मेंढ्या राखणाऱ्यांचे, शिकाऱ्यांचे, ओझी वाहणाऱ्यांचे ज्ञान होते. विद्वत्तेने नालंदा गाठली, पण नालंदेची विद्या पर्वतापार नेण्यासाठी ह्या दुसऱ्या ज्ञानावाचून गत्यंतर नव्हते.

आपल्या चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपण नेत्यांची चरित्रे लिहिली आणि ती लिहायलाच हवीत. पण गावोगावी कंदील धरून सभेची वाट दाखविणारा, पुस्तकांचे गाठोडे डोक्यावर घेऊन चालणारा, दीक्षाभूमीच्या प्रवासाला शेजाऱ्यापाजाऱ्यांना बरोबर नेणारा माणूस अजून आपल्या आठवणीत आहे. त्याचे नाव विचारून लिहून ठेवता येईल असे वृद्ध आपल्या वस्तीत आज आहेत, उद्या नसतील. ह्वेई-लीला त्या उंटावरच्या गावकऱ्याचे नाव विचारण्याची संधी मिळाली नाही, पण आपल्याला ती मिळालेली आहे.