गाढ निद्रेतील मंद लय : एका वादाचा इतिहास

मराठीत स्त्रीलिंगी ‘लय’ म्हणजे आवर्तन, पुल्लिंगी ‘लय’ म्हणजे विलय. गाढ निद्रेत मेंदूच्या बाह्यकात उमटणाऱ्या मंद तरंगांस हे दोन्ही अर्थ लागू पडतात.

हान्स बर्गरने मानवी मेंदूचा विद्युत्-आलेख 1929 साली प्रसिद्ध केला. 1936 मध्ये ग्रे वॉल्टरने मंद तरंगांस ‘डेल्टा’ म्हटले, ते मेंदूतील अर्बुदांच्या संदर्भात. तेच नाव पुढे निरोगी निद्रेस चिकटले. (अर्थविस्ताराचा हा नमुना भाषाशास्त्रज्ञाने टिपून ठेवावा.) तत्पूर्वी 1935 साली ब्रेमरने मांजराचा मेंदू मध्यमेंदूपाशी छेदला असता आलेख निद्रिताचा उमटला. निद्रा म्हणजे संवेदनांचे खंडित होणे, हा त्यावरून निघालेला निष्कर्ष. आपल्याकडे पतंजलीने मात्र निद्रेचीही गणना चित्तवृत्तींत केली होती.

पण ही लय राखतो कोण? मुलुंड-घाटकोपरकडील भजनी मंडळांत ठेका मृदंगाचा, टाळकरी त्यामागोमाग. तद्वत् खोलवरचा थॅलॅमस मृदंगी व बाह्यक टाळकरी, अशी समजूत दीर्घकाळ होती. 1993 मध्ये क्वेबेकच्या लाव्हाल विद्यापीठात स्टेरियाडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेकंदास एकाहून कमी आवर्तनांची लय वर्णिली. मांजराच्या थॅलॅमसमधील पेशी नष्ट केल्या तरी ती टिकली. 2000 साली सांचेझ-व्हिवेस व मॅककॉर्मिक यांस ती फेरेट या प्राण्याच्या बाह्यकाच्या पातळ कापांतही आढळली. मृदंगावाचून टाळ चालूच!

त्या कापांत आरंभ बहुधा पाचव्या थरातील चेतापेशींपासून होतो. त्या परस्परांस चेतवितात आणि पाहता पाहता सारा समूह बोलू लागतो. बोलण्याच्या ओघात पेशींत सोडियम व कॅल्शियम साचते, त्यायोगे पोटॅशियमच्या वाटा खुलतात आणि सर्व एकदम मूक होतात. हे मौन कोणी लादलेले नसते. शेजारी बोलेनासे झाले म्हणून आपणही थांबावे, तसे ते असते. तिमोफेयेव्ह यांनी 2000 सालीच दाखविले की, बाह्यकाचा लहान विलग तुकडा बहुतेक वेळ निःशब्द राहतो, मोठ्यात मात्र लय पुन्हा उमटते. म्हणजे प्रश्न पेशींच्या संख्येचा व परस्परसंबंधांचा आहे. मासिमिनी प्रभृतींनी 2004 मध्ये मानवी निद्रेत हा तरंग बहुधा कपाळाकडून मागे सरकताना टिपला.

तथापि थॅलॅमसास मंडळाबाहेर काढणे घाईचे ठरेल. योग्य परिस्थितीत त्याच्या पेशीही स्वतः मंद लय धरू शकतात, आणि तो निःशब्द केल्यास बाह्यकातील आवर्तने मंदावतात, असे पुढील प्रयोगांत दिसून आले आहे.