देवराई आणि नास्तिक

सह्याद्रीच्या कुशीतील अनेक गावांच्या शिवेवर देवासाठी राखलेले रान आढळते. घाटमाथ्यावर त्यास देवराई म्हणतात, तळकोकणात देवरहाटी, गोव्यात राय. नियम साधा असतो : येथील फांदी तोडावयाची नाही, कित्येक ठिकाणी तर गळून पडलेले लाकूडही घरी न्यावयाचे नाही. देवता बहुधा झाडाखाली, शेंदूर फासलेल्या अनघड तांदळ्याच्या रूपात असते. सत्तरीतील बांबर येथे तर निरंकाराची राय आहे. ज्याला आकार नाही अशा या देवाच्या पाणथळ रानात रानटी जायफळाच्या कुळातील वृक्ष उभे असून त्यांची मुळे चिखलातून गुडघ्यांसारखी वर आलेली दिसतात.

या रानांचा अर्थ लावू पाहणाऱ्यांत एका नास्तिकाचे नाव अग्रभागी आहे, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म 1907 मध्ये गोव्यात कोसबें येथे झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. त्यांच्या संशोधनास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी वेतन देऊन आधार दिला होता. पुत्र मात्र गणिती आणि मार्क्सवादी. देवधर्मावर त्यांची श्रद्धा नव्हती. परंतु ज्या वाटांनी मेंढपाळ आणि वारकरी चालत आले, त्या वाटा त्यांनी स्वतः पायांखाली घातल्या. पुण्याच्या परिसरात त्यांनी अश्मयुगीन सूक्ष्म हत्यारे वेचली, गावाबाहेरच्या मातृदेवतांची ठाणी नोंदवली आणि 1962 साली ‘मिथ अँड रिॲलिटी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. या देवता नांगरापूर्वीच्या, शिकार करणाऱ्या व कंदमुळे गोळा करणाऱ्या माणसांच्या जीवनातून आल्या, असे त्यांचे प्रतिपादन होते. श्रद्धेचा उपहास न करता तिचे मूळ शोधणे, ही त्यांची रीत. याच कोसंबींनी अणुशक्तीऐवजी सौरशक्तीचा हिरिरीने पुरस्कार केला, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढील दशकात डॉ. माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांची पाहणी केली. देवराई ही शेतीपूर्व काळातील संस्था असावी, हे मांडताना त्यांनी कोसंबींचाच आधार घेतला. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावची राई तेव्हा तोडीच्या संकटात होती. भोवतालचे जंगल गेलेले. उरलेल्या राईमुळेच गावचा ओढा वाहतो, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. शास्त्रज्ञांनी ते उचलून धरले आणि राई वाचली. देवीचा कोप आणि ओढ्याचे पाणी या दोन गोष्टी गावकऱ्यांच्या लेखी वेगळ्या नव्हत्या. शास्त्रज्ञांना त्यांपैकी पाण्याची गोष्ट पुरेशी होती.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. भीती गेली तर रान राहील काय? अनेक ठिकाणी ते राहिले नाही. 1878 च्या वनकायद्यानंतर पुष्कळ रानांवरील गावांचा हक्क संपला आणि त्यासोबत जबाबदारीची जाणीवही ओसरली. परंतु श्रद्धा वाढूनही रान तुटल्याची उदाहरणे थोडी नाहीत. तांदळ्याच्या जागी घडीव मूर्ती आली, मूर्तीसाठी सिमेंटचे देऊळ आले, देवळासाठी सभामंडप आला. आणि खर्च भागविण्यास राईतलेच वृक्ष विकले गेले. देव मोठा झाला, त्याचे घर मात्र लहान झाले.

यावरून असे दिसते, की केवळ आस्तिक्याने रान वाचत नाही आणि नास्तिक्याने ते नष्टही होत नाही. रान टिकते ते माणसाने स्वतःच्या हाताला घातलेल्या बंधनामुळे. गावकऱ्याने ते देवीच्या धाकाने घातले. कोसंबींसारख्या बुद्धिवाद्याने त्या धाकामागील हजारो वर्षांचा मानवी इतिहास ओळखला. एकाने राईसमोर हात जोडले, दुसऱ्याने तिचा जन्म शोधला. दोघांच्याही ठायी एक जाणीव समान होती : ही भूमी आपल्यापूर्वीची आहे, आणि आपण तिचे धनी नव्हे, तिच्यातील एक आहोत. ही जाणीव ज्या गावात शिल्लक आहे, तेथे देवाचे नाव कोणतेही असो, कुऱ्हाड शिवेवरच थांबते.