पहिला एक एमबी

रविवार, २५ एप्रिल १९९९, संध्याकाळी साडेपाच. २४ तास बाकी.
न्यूझीलंडमध्ये आत्ता मध्यरात्र झाली आणि तिथल्या कॉम्प्युटरांनी २६ एप्रिल ही तारीख घेतली. सीआयएच नावाचा व्हायरस याच तारखेची वाट बघत होता. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने तो लिहिला आणि १९९८च्या मध्यापासून तो जगभर पसरत गेला. आकार जेमतेम एक हजार बाइट. प्रोग्रॅमच्या फायलीत ज्या रिकाम्या जागा असतात, त्यांत तो स्वतःचे तुकडे करून बसतो. त्यामुळे फाइलचा आकार वाढत नाही आणि कुणाला शंकाही येत नाही. विंडोज ९५ आणि ९८ एवढंच त्याचं राज्य, पण घरगुती कॉम्प्युटरांवर तेव्हा बहुतेक तेच होतं.

पुण्यातलं एक घर डोळ्यांसमोर आणू. नाव कुठलंही घ्या, तेव्हा अशी घरं पुष्कळ होती. जुळवून घेतलेला कॉम्प्युटर, ४.३ जीबीची हार्डडिस्क, तिचे तीन भाग. दोन जीबीच्या C वर विंडोज ९८, D वर कामाच्या फायली, E वर मुलाचे गेम. वडील घरूनच डीटीपी करतात. लग्नसराईचे दिवस, D वर पत्रिका, अहवाल, एका स्मरणिकेची पानं. बॅकअप म्हणजे खणात पडलेल्या थोड्या फ्लॉपी, प्रत्येकी १.४४ एमबीच्या. कुणाकडून तरी आणलेल्या गेमच्या सीडीतून सीआयएच महिन्यांपूर्वीच घरात आलेला आहे.

रात्री साडेआठ. २१ तास बाकी.
दक्षिण कोरियात तारीख बदलली. सर्वांत मोठा फटका ज्या देशांना बसणार होता, त्यांतला हा एक. तासाभराने तैवान.

व्हायरस तारीख विचारतो ती मदरबोर्डवरच्या घड्याळाच्या चिपला. ज्याची बॅटरी मेलेली आहे आणि जो रोज १९८० साल दाखवतो, तो कॉम्प्युटर आज सुरक्षित आहे. २६ तारखेला घड्याळ एक दिवस पुढे सरकवलं तरी ही तारीख टळते. अँटिव्हायरस कंपन्यांना सीआयएच १९९८पासूनच माहीत होता, उताराही होता. पण तो घरापर्यंत पोचायचा नव्या व्याख्यांच्या फ्लॉपीतून, आणि ती फ्लॉपी आणायला मुद्दाम जावं लागे.

वडिलांनी स्मरणिकेचं शेवटचं पान सेव्ह केलं आणि कॉम्प्युटर बंद केला.

मध्यरात्र. साडेसतरा तास बाकी.
भारतात २६ एप्रिल सुरू. बंद कॉम्प्युटरला काही होत नाही.

सोमवार, सकाळी पावणेनऊ. पावणेनऊ तास बाकी.
बटण दाबलं. विंडोजचं चित्र आलं, डेस्कटॉप आला. सुरू होताना जे प्रोग्रॅम चालतात, त्यांतला एक बाधित होता. व्हायरस मेमरीत गेला, पुढची फाइल हाताळली गेली तेव्हा त्याने घड्याळ पाहिलं आणि हार्डडिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरपासून कचरा लिहायला सुरुवात केली. माउस थिजला. वडिलांनी रीसेट दाबलं, तोवर सुरुवातीचा सुमारे एक एमबी गेला होता.

त्या एक एमबीत काय होतं, ते नीट पाहायला हवं. अगदी पहिल्या, ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये पार्टिशन टेबल असतं. नोंदी चार, प्रत्येकी १६ बाइट, म्हणजे सगळं मिळून ६४ बाइट. डिस्कचा कुठला भाग कुठे सुरू होतो आणि केवढा आहे, हे तिथेच लिहिलेलं. सातबारा जळाला म्हणून शेत जळत नाही, तसंच हे: टेबल गेलं तरी D मधल्या पत्रिका होत्या तिथेच आहेत. D आणि E कुठे आहेत याच्या तपशीलवार नोंदी तर पहिल्या सेक्टरमध्ये नसतातच. तिथे फक्त त्यांच्याकडे नेणारा एक निर्देश असतो. खऱ्या नोंदी त्या भागांच्या तोंडाशी, दोन जीबीच्या खुणेपलीकडे. व्हायरस तिकडे फिरकलाच नाही.

आणि C? तो फॅट३२ पद्धतीचा. कुठल्या फाइलचे तुकडे कुठे आहेत, हे सांगणारी फॅट नावाची यादी प्रत्येक भागात दोनदा लिहिलेली असते. दोन जीबीच्या C मध्ये एक यादी जवळपास दोन एमबीची. पहिल्या प्रतीचा साधारण अर्धा भाग गेला. दुसरी प्रत दोन एमबीनंतर सुरू होते, ती शाबूत. मुख्य डिरेक्टरी तिच्याही पुढे, तीही शाबूत. जुन्या फॅट१६ पद्धतीचं C असलेल्यांचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. तिथे एक यादी फार तर १२८ केबीची, त्यामुळे दोन्ही याद्या आणि मुख्य डिरेक्टरी त्या एका एमबीतच संपतात. तसं C परत जुळवणं फार अवघड.

म्हणजे या घरात, सकाळी पावणेनऊला, जवळपास काहीच कायमचं गेलेलं नाही.

सकाळी साडेनऊ. आठ तास बाकी.
काळ्या पडद्यावर एकच ओळ: डिस्क बूट फेल्युअर. निदान ओळ तरी आली. काही विशिष्ट मदरबोर्डांवर सीआयएच बायॉसच्या, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या, चिपमध्येही कचरा लिहितो, तिथे पडदा उजळतच नाही आणि चिप बदलावी लागते. वडिलांनी बूट फ्लॉपी घातली, C: टाइप केलं. उत्तर आलं, असा ड्राइव्हच नाही.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आत्ता कुठे मध्यरात्र होत होती.

दुपारी एक. साडेचार तास बाकी.
कॉम्प्युटरवाल्याचा फोन लागत नाही. सकाळपासून सगळेच त्याला फोन करत आहेत. चर्नोबिल हे नाव एव्हाना कानावर आलेलं असतं: अणुभट्टीचा अपघात १९८६ सालच्या २६ एप्रिलचा. तारखा जुळल्या म्हणून व्हायरसला ते नाव चिकटलं, एवढाच त्यांचा संबंध. दिल्लीत त्याच दिवशी बारावी लोकसभा विसर्जित झाली. ज्या घरात लग्नपत्रिका उद्या छापायला द्यायच्या आहेत, तिथे ती बातमी कोण ऐकणार?

या चार तासांत करण्यासारखं एक काम होतं: डिस्क काढून बाजूला ठेवणं. तिच्यावर काहीही न लिहिता, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून, फक्त वाचणं.

संध्याकाळी पाच. अर्धा तास बाकी.
कॉम्प्युटरवाला आला. दिवसभरात त्याने किती घरं केली असतील कोण जाणे. त्याने एफडिस्क हा पार्टिशन दाखवणारा प्रोग्रॅम चालवला. पार्टिशन एकही नाही.

“काका, हार्डडिस्क उडालीय. फॉरमॅट मारावं लागेल.”

“अरे, D वर माझं काम आहे. विंडोज C वर होतं ना?”

“D दिसतच नाहीये काका. सगळंच गेलंय.”

वाईट हेतूने तो बोलत नव्हता. पडद्यावर जे दिसत होतं, तेच सांगत होता. पण ‘दिसत नाही’ आणि ‘गेलं’ यांच्यातलं अंतर त्या दिवशी असंख्य घरांना भोवलं, असं मला मनापासून वाटतं. वडील मान हलवून बाजूला झाले. त्याने संपूर्ण ४.३ जीबीचं एकच पार्टिशन पाडलं, मशीन पुन्हा सुरू केलं आणि फॉरमॅटची आज्ञा दिली.

पाच वाजून दहा मिनिटं. वीस मिनिटं बाकी.
पडद्यावर टक्के चढू लागले. दहा, बावीस, चाळीस. हे आकडे चढत असताना फॉरमॅट डिस्क तपासत असतो, मुख्यतः वाचत असतो. नव्या, कोऱ्या याद्या तो लिहितो त्या शेवटी. C ची दुसरी फॅट अजून जिवंत आहे. आत्ता कुणी प्लग ओढला असता तरी चाललं असतं.

साडेपाच.
शंभर टक्के. पुढची ओळ आली: फाइल अ‍ॅलोकेशन टेबल लिहीत आहे. ४.३ जीबीच्या नव्या भागाची एकेक फॅट सुमारे चार एमबीची. नव्या पहिल्या प्रतीच्या शून्यांनी, व्हायरसने न शिवलेली जुनी दुसरी प्रत पुसून काढली. जुनी मुख्य डिरेक्टरीही नव्या याद्यांखाली गेली.

मग विंडोजची सीडी आत गेली. नव्या विंडोजला लागली काहीशे एमबी जागा, तीही डिस्कच्या सुरुवातीपासून. दोन जीबीच्या पलीकडे D च्या याद्या, पत्रिका आणि स्मरणिकेची पानं त्या रात्रीही तशीच होती. पुढच्या काही महिन्यांत नवे प्रोग्रॅम, नवे गेम तिथवर पोचले.

काही काळातच अमेरिकेतल्या स्टीव्ह गिब्सन यांनी फिक्स-सीआयएच नावाचा छोटा प्रोग्रॅम फुकट उपलब्ध करून दिला. डिस्कभर शोध घेऊन तो उरलेल्या नोंदींवरून पार्टिशन टेबल पुन्हा लिहितो, आणि फॅट३२चा C दुसऱ्या प्रतीवरून उभा करतो. त्याला डिस्क लागते ती व्हायरसने सोडली तशी, फॉरमॅट न केलेली.