टाय रॉड
चारचाकी वाहनाचे सुकाणू आणि पुढची चाके यांना जोडणारा पोलादी दांडा. एटीव्हीत (खडबडीत वाटांवर चालणाऱ्या, हँडल असलेल्या चारचाकी गाडीत) हँडलच्या उभ्या दांड्यापासून दोन्ही चाकांच्या नकलपर्यंत (चाक धरून वळवणाऱ्या भागापर्यंत) एकेक टाय रॉड असतो. वाचकाला हा भाग जवळून पाहायचा असेल, तर त्याने ट्रॅक्टरच्या पुढच्या आसाजवळ वाकून पाहावे. दोन्हींतले तत्त्व एकच.

दांड्याच्या टोकांना बॉल जॉइंट असतात. एका टोकाला उजवे, दुसऱ्याला डावे आटे असल्याने चेकनट सैल करून दांडा फिरवला की लांबी बदलते आणि चाकांचे टो-इन (पुढच्या बाजूने किंचित आत वळलेले असणे) जुळते. बॉल जॉइंटवरची रबरी टोपी फाटली की आत चिखल शिरतो, गोळा झिजतो आणि हँडल थरथरू लागते.

बदलताना जुन्या दांड्याची लांबी आधी मोजून ठेवावी. निमुळती पिन सोडवताना आट्यांवर हातोडा मारू नये. नकलच्या कानावर बाजूने ठोकावे. नट अडकवणारी स्प्लिट पिन दर वेळी नवीच हवी. तिचे भोक नटच्या खाचेशी जुळत नसेल, तर नट थोडा आणखी आवळावा, कधीही सैल करू नये.

जाड, क्रोमोली पोलादाचा दांडा सहजी वाकत नाही. पण मग दगडाचा धक्का नकल आणि हँडलच्या दांड्यावर जातो. म्हणून केवळ दांडा भक्कम करणे ही अर्धीच सुधारणा होय. २००७ पासून भरणाऱ्या ‘बाजा एसएई इंडिया’ स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनाही हा हिशेब मांडावा लागतो. वाकलेला टाय रॉड तापवून सरळ करून पुन्हा वापरू नये.