निळ्या पेटीचे उघडणे

डिसेंबर २००२ मध्ये कॅलिफोर्नियातील लिंक्सिस या पेढीने ‘डब्ल्यूआरटी५४जी’ हा निळ्या मुखाचा व काळ्या पाठीचा राऊटर विक्रीस काढला, तेव्हा ज्यांनी तो विकत आणून कपाटावर ठेवला त्यांपैकी फारच थोड्यांना त्याच्या उदरात काय दडले आहे याची जिज्ञासा वाटली असेल. पुढील वर्षी सिस्कोने ती पेढी ताब्यात घेतली. आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात असे उघडकीस आले की, या यंत्राचा अंतर्गत कारभार लिनक्सवर चालत असूनही, लिनक्सच्या परवान्यातील अटींप्रमाणे ग्राहकांस देय असलेली मूळ आज्ञावली मात्र कोणालाही दिलेली नाही. तगादा लागला, आणि काही आठवड्यांतच ती प्रसिद्ध करणे कंपनीस भाग पडले. माझ्या मते पेटी खऱ्या अर्थाने उघडली ती तेव्हाच; प्लॅस्टिकचे कवच मागाहून निघाले.

ते निघणे ओघानेच आले. जानेवारी २००४ मध्ये त्या आज्ञावलीच्या पायावर ‘ओपनडब्ल्यूआरटी’चा उपक्रम सुरू झाला, आणि ज्यांना यंत्राचा स्वभाव पालटण्याची मुभा मिळाली त्यांच्या हातून ते कधी ना कधी निकामी होणे अपरिहार्यच असल्यामुळे, मृतवत झालेल्या राऊटरास शुद्धीवर आणण्यासाठी आतील सर्किट बोर्डावरच्या जोडबिंदूंपर्यंत पोहोचणे क्रमप्राप्त ठरले. त्याची रीत हौशी मंडळींत लवकरच रूढ झाली. प्रथम अडॅप्टर काढावयाचा. घरातील विजेचा दाब तो पेटीबाहेरच उतरवीत असल्याने आत प्राणघातक असे काही उरत नसे. (ज्या उपकरणांत हा भाग आतच बसविलेला असतो, तेथे तार काढल्यावरही कपॅसिटरांत भार शिल्लक राहू शकतो, आणि तेथे धिटाई कामाची नाही.) नंतर भूसंपर्कित धातूस स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युद्भार घालवावयाचा; मग दोन्ही अँटेना फिरवून सोडवावयाच्या, कारण त्या पाठीच्या कवचातून आरपार जाऊन बोर्डाशी जोडलेल्या असत; आणि शेवटी पुढच्या दोन पायांवर अंगठे टेकवून निळे मुख नेटाने पुढे रेटावयाचे. तेथे पेचकस घुसवण्याचा मोह अनेकांस होई, परंतु पात्याने कडा चेपते आणि क्वचित बोर्डावर ओरखडाही उठतो. अंगठ्याच्या दाबाने कवच सुटताना जो कडाका होई, तो ऐकून नवख्याच्या काळजाचा ठोका चुकत असला तरी, वस्तुतः काहीही मोडलेले नसे.

कारखानदाराने मात्र २००५ च्या उत्तरार्धात हात आखडता घेतला. पाचव्या आवृत्तीत लिनक्सच्या जागी व्हीएक्सवर्क्स आले, स्मृती १६ मेगाबाइटवरून ८ वर आणि फ्लॅश ४ वरून २ वर उतरली. कवच पूर्वीसारखेच उघडे, पण उघडून हाती फारसे लागेना. हौशी ग्राहकांची नाराजी ओळखून जुन्या घडणीचा, लिनक्सवर चालणारा ‘डब्ल्यूआरटी५४जीएल’ त्याच वर्षी वेगळा आणि अधिक किमतीने विक्रीस ठेवण्यात आला. म्हणजे पूर्वी यंत्रासोबत आपसूक मिळणारी मुभा आता पैसे मोजून घ्यावी लागली. लोकांनी ती घेतली, आणि दहा वर्षे उलटून गेल्यावरही तो राऊटर विकला जातच होता.