मेंफिसचा नाद, ब्रुकलिनचे वादक

सोल संगीत म्हटले की प्रथम गायकांची नावे आठवतात. त्यांच्या मागे बसणाऱ्या वादकांचा इतिहास मात्र वेगळा सांगावा लागतो. अमेरिकेतील मेंफिस शहरी, एका जुन्या चित्रपटगृहात थाटलेल्या स्टॅक्स कंपनीच्या स्टुडिओत 'बुकर टी. अँड द एम.जी.ज' या वाद्यवृंदाने १९६२ मध्ये 'ग्रीन अनियन्स' ही गायनाविना रचना ध्वनिमुद्रित केली. वर्णभेदाने दुभंगलेल्या त्या प्रदेशात कृष्णवर्णीय व गौरवर्णीय वादक येथे एकत्र वाजवीत. १९७५ च्या अखेरीस स्टॅक्सचे दिवाळे निघाले आणि १९८९ मध्ये ती वास्तूही पाडली गेली.

तो नाद पुन्हा उमटला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात. बुशविक वस्तीतील मेनाहान स्ट्रीटवर राहणारे गिटारवादक थॉमस ब्रेनेक यांनी आपल्या निजायच्या खोलीतच ध्वनिमुद्रणाची सोय केली आणि त्या रस्त्याचेच नाव घेऊन 'मेनाहान स्ट्रीट बँड' उभा राहिला. संगणकाच्या युगात या मंडळींनी चुंबकीय फीत पत्करली. फितीवर आवाज जोरकस उमटला की त्याची टोके किंचित बोथट होतात व नादाला ऊब येते. शिवाय ट्रॅक मोजकेच असल्याने वाद्यांचा तोल वाजवतानाच साधावा लागतो; मागाहून डागडुजीला वाव थोडा. २००७ मध्ये जे-झी यांनी 'रॉक बॉइज' या रॅप गीतात त्यांच्या 'मेक द रोड बाय वॉकिंग' या रचनेचा तुकडा वापरला. रॅपवाले जुन्या तबकड्या धुंडाळतात. येथे नव्या वादनानेच जुन्याचे काम केले.

मग हा केवळ जुन्या यंत्रांचा शौक होता काय? आम्हांस तसे वाटत नाही. चार्ल्स ब्रॅडली या कृष्णवर्णीय गायकाने १९६२ मध्ये, कोवळ्या वयात, अपोलो थिएटरात जेम्स ब्राउन यांना पाहिले होते. पुढे आयुष्य गेले ते आचाऱ्याच्या आणि मिळेल त्या कामात. रंगमंचावर उभे राहायचे तेही ब्राउन यांची नक्कल करण्यासाठी. २०११ मध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी, याच वाद्यवृंदाच्या साथीने त्यांचा पहिला अल्बम 'नो टाइम फॉर ड्रीमिंग' निघाला. नक्कल संपली, त्यांनी स्वतःचे दुःख गायिले. २०१७ मध्ये ते निवर्तले.

मुलूख सोडून पिढ्या लोटल्या तरी घरात मराठी राखणाऱ्या आपल्या कुटुंबांना यातील मर्म सहज उमजावे. मेंफिसचा नाद ब्रुकलिनमध्ये टिकला तो यंत्रांमुळे थोडा आणि एकत्र बसून वाजविण्याच्या शिस्तीमुळे अधिक. त्याचे सार्थक मात्र झाले ते एका उपेक्षित माणसाला उशिरा का होईना, स्वतःचा सूर लाभला तेव्हा.